मेळघाटाला धान्य पाठविण्यापूर्वी

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटतो न लोटतो तोच धारणी-चिखलदऱ्याच्या गावांतील, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतील किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील बालमृत्यूंच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊ लागतात, आणि त्या वाचून ज्यांना स्वस्थ बसवत नाही अशा वाचकांची पत्रे आमच्याकडे येतात. आळीतल्या मंडळाने पोतेभर तांदूळ जमवला आहे, तो कोठे पाठवावा? लहान मुलांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे द्यावेत काय? कोणत्या संस्थेवर इतबार ठेवावा? आणि सरकारच मोफत धान्य देत असता आमच्या दानाचे प्रयोजन तरी काय उरते? प्रश्न प्रामाणिक आहेत आणि ते वर्षानुवर्षे तेच आहेत. जव्हारच्या वावर-वांगणीतील बालमृत्यू १९९२ च्या सुमारास उजेडात आले, मेळघाटातील पाठोपाठ १९९३ मध्ये आले, त्यानंतर समित्या बसल्या, अहवाल निघाले, उच्च न्यायालयाने शासनाला वेळोवेळी जाब विचारला. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. ही भूक एका मोसमातली नसून पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि तिच्याशी एका पोत्याने व्यवहार होत नाही, हे ध्यानी घेऊनच पुढील मजकूर वाचावा.

आधी उणीव कोठे आहे ते पाहा

अन्नदान करू इच्छिणारा माणूस बहुधा तांदूळ किंवा गहू यांपासून आरंभ करतो, आणि नेमकी हीच वस्तू पुष्कळ घरांत थोडीफार असते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळावयाचे असते, व १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. आता हिशेब करून पाहा. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. त्यातून मिळणारे उष्मांक साधारणपणे पावणेसहाशेच्या आसपास. दिवसभर राबणाऱ्या प्रौढाला दोन हजारांहून अधिक लागतात. शिवाय शिध्यात नियमितपणे मिळते ते केवळ धान्य. डाळ, तेल, शेंगदाणे, भाजी, अंडी हे सारे त्या घराने आपल्या मजुरीतून आणावयाचे, आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा घरातली कोदो-कुटकी किंवा नागली संपलेली असते, नवे पीक शेतात कोवळे असते आणि मजुरीही मिळत नाही, तेव्हा ते आणावयाचे कशातून?

म्हणून आपल्या दानाची जागा हक्काच्या धान्याशेजारी आहे, त्याच्या जागी नव्हे. हक्काने जे मिळावयाचे ते त्या कुटुंबाला मिळवून देण्यास साहाय्य करणे, आणि हक्कात जे बसत नाही ते नेमकेपणाने पुरविणे, या दोन कामांतच दानाचे सार्थक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायद्याने काय मिळावयास हवे

ज्या गावात आपण मदत करणार त्या गावी पुढील गोष्टी मिळतात की नाहीत, याची चौकशी प्रथम करावी:

- शिधापत्रिका. पिवळे कार्ड असले तरी त्यावर सर्व माणसांची नावे आहेत काय, हे पाहावे. नव्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले नसते, घरी जन्मलेल्या बालकाचा जन्मदाखला नसतो, आणि सात माणसांचे घर चारांच्या धान्यावर चालते.
- आदिम जमातींची कुटुंबे. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय योजनेत सामावून घ्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा २ मे २००३ चा आदेश आहे. वीटभट्टीवर फिरणाऱ्या कातकरी कुटुंबापाशी मात्र अनेकदा कोणतेच कार्ड नसते.
- अंगणवाडीचा आहार. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला, तसेच गर्भवती मातेला आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत स्तनदा मातेला तो विनामूल्य मिळतो. कायद्याच्या मूळ अनुसूचीत तीन ते सहा वर्षांच्या बालकासाठी ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित बालकासाठी ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण घातलेले आहे.
- अमृत आहार. अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या योजनेतून मातांना एक वेळचा चौरस आहार आणि बालकांना अंडी किंवा केळी मिळतात.
- शाळेतील दुपारचे भोजन. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी.
- नवी अंगणवाडी. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत ती सुरू व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी फर्मावले आहे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. दिवाळीनंतर मेळघाटातली माणसे कामाच्या शोधात खाली उतरतात, ती होळीला परततात. त्या मधल्या काळात त्यांचे धान्य गावच्या दुकानी अडकून पडते, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः एकाच शिधापत्रिकेवर देशातील कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून धान्य उचलता येते. आपल्या शहरानजीक वीटभट्टी किंवा ऊसतोडीचा तळ असेल, तर तेथील कुटुंबांना हे सांगणे आणि गरज पडल्यास दुकानापर्यंत सोबत जाणे, ही मदत बिनखर्चाची आहे आणि महिनोन्‌महिने पुरणारी आहे.

हक्क डावलला जात असेल तर

१. पॉस यंत्रावर बोटाचा ठसा उमटला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. तसे झाले तर दुकानदाराकडून कारण लेखी मागावे, आणि कार्डाचा क्रमांक, तारीख व दुकानाचे नाव टिपून ठेवावे.

२. शिधापत्रिकेसंबंधी तक्रार १९६७ या क्रमांकावर व तहसील कचेरीतील पुरवठा शाखेत करावी. अंगणवाडीसंबंधी तक्रार तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याखेरीज कचेरीबाहेर पडू नये.

३. तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग, अशी तजवीज कायद्यातच आहे. हक्काचे धान्य किंवा आहार मिळाला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता मागण्याचा अधिकारही त्याच कायद्याने दिलेला आहे. तो मागणारे मात्र विरळा.

४. किती धान्य आले आणि किती वाटले याचा तपशील हवा असल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

अर्ज आपण लिहून द्यावा, पण तो कुटुंबाच्याच नावे असावा आणि त्याचा मजकूर त्यांना त्यांच्या बोलीत समजावून मगच सही किंवा अंगठा घ्यावा. परगावच्या माणसाने परस्पर केलेल्या तक्रारीचा रोष शेवटी गावात राहणाऱ्या माणसाला सोसावा लागतो.

काय द्यावे

धान्याच्या जोडीला जे लागते ते द्यावे. एका कुटुंबासाठी दोन किलो तूरडाळ किंवा उडीद, एक किलो तेल, एक किलो शेंगदाणे, एक किलो गूळ आणि आयोडीनयुक्त मीठ, असा महिन्याचा शिधा जून ते सप्टेंबर हे चार महिने सलग पोहोचला, तर त्याचे मोल एकदाच दिलेल्या दोन पोत्यांहून निश्चितच अधिक आहे. त्यातही तेलाला कमी लेखू नये. दोन वर्षांच्या मुलाचे पोट लहान असते, पातळ पेजेने ते चटकन भरते आणि तरी मूल उपाशी राहते; त्याच वाटीभर मऊ भातात किंवा खिचडीत दोन लहान चमचे तेल घातले तर सुमारे ९० उष्मांक वाढतात आणि घास गिळावयासही सोपा होतो.

धान्य द्यावयाचेच असेल तर त्या मुलखाचे द्यावे: मेळघाटात ज्वारी, कोदो, कुटकी, जव्हार-मोखाड्यात नागली व वरई, सातपुड्यात ज्वारी व मका. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या ती माणसे अद्यापि त्या चवीची आठवण कटुतेने काढतात. उपाशी माणसालाही चव असते, याचा विसर दात्याने पडू देऊ नये. खरेदी शक्यतो तालुक्याच्या आठवडी बाजारातून करावी, म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचतो आणि पैसा त्याच भागात राहतो. मात्र पावसाने भिजलेला कोदो व कुबट वास येणारे शेंगदाणे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, कारण दोहोंवरच्या बुरशीतून विषबाधा होते.

याखेरीज ज्या खर्चाकडे कोणाचेच लक्ष जात नाही असा एक खर्च आहे. तीव्र कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात साधारणतः दोन आठवडे ठेवावे लागते आणि सोबत आईने राहावयाचे असते. तिला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. पण घरी राहिलेल्या दोन लेकरांना रांधून कोण घालणार, शेतातली निंदणी कोण करणार, परतीच्या गाडीचे भाडे कोठून येणार, या विवंचनेने चौथ्या दिवशीच आई मूल घेऊन घरी निघते. त्या पंधरवड्यात घरच्यांचा शिधा, एका शेजारणीला सांभाळाबद्दल मजुरी आणि प्रवासखर्च एवढी जबाबदारी एखाद्या मंडळाने घेतली, तर मूल पूर्ण उपचार घेऊन परतण्याचा संभव पुष्कळच वाढतो.

काय देऊ नये

- शिशूंच्या दुधाची भुकटी व दुधाच्या बाटल्या. हे डबे दात्याला करुणेपोटी सुचतात, पण घातक ठरतात. सहा महिन्यांपर्यंत बालकाला केवळ आईचे दूध द्यावयाचे असते. ओढ्याच्या पाण्यात कालवलेली भुकटी हगवणीला आमंत्रण देते, आणि भुकटी सुरू झाली की आईचे दूध आटते. १९९२ च्या यासंबंधीच्या कायद्याने अनाथालयाचा अपवाद वगळता कोणीही असे डबे व बाटल्या दान करणे किंवा वाटणे निषिद्ध ठरविले आहे. त्या दुधाचा खर्च आईच्या जेवणावर करावा.
- बिस्किटे, शेवया, गोळ्या-चॉकलेटे. त्यांनी भूक मारली जाते, पोषण होत नाही.
- मुदत संपत आलेला माल. जो आपण आपल्या घरी ठेवणार नाही, तो पाठवू नये.
- शिजवलेले अन्न दूरवर. लग्नसमारंभात उरलेले अन्न आपल्याच शहरात, गरम असेपर्यंत, २०१९ च्या नियमांखाली नोंदलेल्या वाटप संस्थेमार्फत द्यावे.

अतिशय रोडावलेले मूल समोर आले तर

येथे सद्भावनेने जीव जाऊ शकतो, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. अंगणवाडी ताईंजवळ लाल, पिवळा आणि हिरवा अशा तीन रंगांची एक फीत असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात, आवळत नाहीत आणि सैलही सोडत नाहीत, आणि खिडकीत दिसणारा आकडा वाचतात. ११.५ सेंटिमीटरहून कमी घेर भरला, म्हणजे फीत लालीत राहिली, तर मूल तीव्र कुपोषित, ताईंच्या भाषेत ‘सॅम’, ११.५ पासून १२.५ च्या आतले ‘मॅम’, म्हणजे मध्यम कुपोषित. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घेर कितीही भरो, मूल तीव्र कुपोषितच समजावे. मूल गुबगुबीत दिसते म्हणून फसू नये.

अशा मुलाला कळवळ्याने पोटभर तुपाचा शिरा किंवा मूठभर खाऊ घालू नये. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरावर एकाएकी भारी अन्नाचा भार पडला तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडते आणि हृदय थांबू शकते. म्हणूनच दवाखान्यात आरंभी सौम्य औषधी दूध थोडे थोडे, दिवसरात्र ठराविक अंतराने देतात, आणि मूल स्थिरावल्यावरच आहार वाढवितात. आपले काम एवढेच: अंगणवाडी ताई किंवा आशा यांना बोलवावे; मुलाला ताप, हगवण, गुंगी असेल किंवा ते काहीच खात नसेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून केंद्रात न्यावे. ज्याला भूक आहे आणि अन्य आजार नाही, त्याच्यासाठी गावातच ग्राम बाल विकास केंद्र भरविता येते. कुटुंब आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे, जाऊन आले असेल तर त्याबद्दल त्यांना बोल लावू नये. तो त्यांच्या हाकेच्या अंतरावर असतो, आणि डॉक्टर नसतो.

संस्था कशी पारखावी

बाबा आमटे यांच्या प्रेरणेने किंवा बैरागडच्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारख्यांच्या उदाहरणाने पुष्कळ तरुण या भागांत गेले आणि स्थिरावले. त्यांच्या कामाला आपल्या पैशाची गरज आहे. परंतु केवळ छायाचित्रांच्या आधारे पैसे पाठवू नयेत. पुढील गोष्टी विचाराव्यात. खरी संस्था विचारल्याने रुष्ट होत नाही.

- धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित जमाखर्च.
- प्राप्तिकरातील ८०जी या नावाने परिचित असलेल्या सवलतीची मान्यता चालू आहे काय. ही सवलत वस्तुरूप दानाला मिळत नाही, २,००० रुपयांहून अधिक रोख दानाला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत सामान्य करदात्याला ती नाही.
- कार्यकर्त्यांपैकी कोरकू, वारली किंवा पावरी बोलणारे किती. मराठीत छापलेली सूचनापत्रके कोरकू आईच्या उपयोगाची नसतात.
- मुलांची वजने कोण घेते, आणि वजन न वाढलेल्या मुलाचे पुढे काय केले जाते.
- अंगणवाडीशी संस्थेचा संबंध कसा आहे. जी संस्था अंगणवाडीला वळसा घालून समांतर खिचडी शिजविते, ती गेल्यावर गावात काहीच उरत नाही.

स्वतः वर्गणी जमविणार असाल तर

नोंदणी नसलेल्या मंडळाने धर्मादाय कार्यासाठी वर्गणी गोळा करावयाची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये धर्मादाय कचेरीला कळवून रीतसर परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. पावती पुस्तक क्रमांकित ठेवावे, हिशेब प्रसिद्ध करावा. नियमितपणे अन्न शिजवून वाटणार असाल तर नफा नसला तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील गावांना जाण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी.

परदेशस्थ वाचकांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र आहे, त्यांनी आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत दिलेले दान विदेशी अंशदान समजले जात नाही. ज्यांनी अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्यांचे दान मात्र तसे समजले जाते, मग ओसीआय कार्ड असले तरीही. ते केवळ परवाना असलेल्या संस्थेच्या नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील नियत खात्यातच भरावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले असे अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही, म्हणून ज्या संस्थेने खर्च करावा अशी आपली इच्छा आहे, तिलाच थेट द्यावे.

वाटप आणि त्यानंतर

यादी ग्रामसभेत ठरवावी, दात्याने नव्हे. एका पाड्यातील दहा घरांना देऊन अकराव्याला वगळल्याने जे वितुष्ट येते ते शिधा संपल्यावरही राहते. शिधा शक्यतो घरातील बाईच्या हाती द्यावा. आणि कृपा करून रोडक्या मुलाचे उघडे अंग दाखविणारे छायाचित्र काढू नये; आपल्या वर्गणीदारांना पावती आणि वजनांचा तक्ता दाखवावा, तेवढा पुरावा पुरेसा आहे.

ज्या मंडळांना दोन-तीन वर्षे टिकून काम करावयाचे आहे, त्यांनी गावाच्या धान्यकोठीचा विचार करावा. सुगीनंतर धान्य स्वस्त असताना मंडळाने भांडवल म्हणून काही क्विंटल धान्य कोठीत भरावे. पावसाळ्यात गरजू कुटुंबाने ते उसने न्यावे आणि पीक आल्यावर थोड्या वाढीसह परत करावे. हिशेब गावातील महिला गटाने ठेवावा. ज्या वर्षी पीक बुडेल त्या वर्षी वसुली तहकूब ठेवण्याचा ठराव आरंभीच करावा, नाहीतर कोठी हाच नवा सावकार होऊन बसतो. मजुरीचा प्रश्नही दृष्टीआड करू नये. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती, आणि त्या हलाखीच्या काळात असंख्य घरे तगली ती मुख्यतः या मजुरीवर. रोजगार हमीच्या कामासाठी मागणीचा अर्ज भरून देणे आणि त्याची दिनांकित पोच घेणे, हेही अन्नदानाचेच काम समजावे.

शेवटी वेळेविषयी. बातमी ऑगस्टमध्ये येते, वर्गणी सप्टेंबरात जमते आणि ट्रक ऑक्टोबरात पोहोचतो. तोवर नवे पीक दाराशी आलेले असते. पावसाने ओढे-नाले भरले की मेळघाटातील अनेक गावांचे रस्ते बंद होतात. तेव्हा मंडळाची बैठक मार्चमध्ये घ्यावी, गावाची व संस्थेची निवड एप्रिलमध्ये करावी, आणि चार महिन्यांची डाळ-तेल मे अखेरपूर्वी गावात उतरवावी.